एकच ‘ऱ्य’, दोन साठवणी: संग्रहात शब्द सापडत नव्हता त्याचे कारण

डिजिटल संग्रहात ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला असता काही पानेच हाती येत. उरलेल्यांवर तोच शब्द डोळ्यांना स्पष्ट दिसत असे. शोधसूची दोनदा नव्याने बांधली, युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकीय प्रणालीचे एनएफसी प्रमाणीकरणही (समतुल्य साठवणी एकरूप करण्याची पद्धत) केले. पदरी वैताग तेवढा पडला. हे जोडाक्षर काही पानांत ‘ऱ’ (युनिकोड क्रमांक ०९३१), हलन्त आणि ‘य’ असे, तर काहींत ‘र’ (०९३०), हलन्त, अदृश्य जोडक (२००डी) आणि ‘य’ असे साठवलेले होते, आणि एनएफसी या दोहोंना एक मानत नाही. मूळ मजकूर तसाच ठेवून, केवळ सूचीच्या प्रतीत, आधी ‘र’-हलन्त-जोडक यांच्या जागी ‘ऱ’-हलन्त घातले, नंतर उरलेले जोडक काढले (क्रम उलटल्यास ‘दुसर्या’ उरतो), तोच नियम शोधशब्दालाही लावला आणि मगच सूची पुन्हा बांधली.