ॲमेझॉन पोपटाचं पिल्लू घरी आणताना: आधीची तयारी आणि पहिले पंधरा दिवस

तारीख ठरवण्याआधी एवढं विचारून घ्या, की पिल्लू स्वतःचं स्वतः खातं का? ब्लू फ्रंटेड ॲमेझॉनचं पिल्लू साधारण तीन ते चार महिन्यांचं होईपर्यंत भरवण्यावर असतं. ‘तुमच्या हातून भरवलंत तरच लळा लागेल’ असं सांगून त्याआधीच पिल्लू देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लाला भरवायचं पातळ खाणं, जास्त गरम असला तर गळ्याजवळची अन्नाची पिशवी आतून भाजते, गार असला तर ती रिकामी होत नाही, आणि घाईत भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. लळा नंतरही लागतोच. जिथून आणणार तिथे दोन-तीनदा जाऊन त्याला खाताना स्वतः बघा. डोळ्यांकडेही लक्ष द्या. लहान पिल्लाची बुबुळं गडद करडी-तपकिरी असतात, मोठेपणी ती नारिंगी होतात. त्यामुळे सांगितलेलं वय खरं वाटतं का, याचा अंदाज येतो.

कागदपत्रं त्याच भेटीत बघा. आपला देशी पोपट पाळणं हा गुन्हा आहे. ॲमेझॉन विदेशी असला तरी साइट्स (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत येतो, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार अशा पक्ष्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आधीच्या मालकाची नोंदणी आणि पायातल्या कड्यावरचा नंबर ताडून बघा, आणि हस्तांतराची नोंद तुमच्या नावावर करून घ्या. ‘नंतर पाठवतो’ यावर पिल्लू आणू नका.

पिंजऱ्याआधी घरातली हवा तपासा, कारण पिंजऱ्यात चूक झाली तर बदलता येते, हवेतली चूक जीव घेते. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्याच्या लेपातून निघणारी वाफ काही मिनिटांत पक्षी मारते, शेजारच्या खोलीतलासुद्धा. सँडविच मेकर, एअर फ्रायर, काही इस्त्र्या यांनाही तोच लेप असतो. तवा बिडाचा किंवा लोखंडी घ्या, कढई स्टीलची. उदबत्ती, धूप, कापूर, मच्छरांची कॉइल आणि लिक्विड, डांबर गोळ्या, रूम फ्रेशनर, फिनेल हे सगळं त्याच्या खोलीतून कायमचं बाहेर जायला हवं. देवघर त्याच खोलीत असेल तर पिंजऱ्याची खोली बदला. पोपटाच्या फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि हवेत जे असेल ते तो आपल्यापेक्षा जास्त कार्यक्षमतेने शोषून घेतो, म्हणून आपल्याला जाणवतही नाही इतका धूर त्याला बाधतो.

पिंजरा किमान ६० सेंमी रुंद, ६० खोल आणि ९० उंच हवा. जागा असेल तर रुंदी ९० घ्या, उंचीपेक्षा रुंदी कामाची. दोन गजांमधलं अंतर २ ते २.५ सेंमी, त्याहून जास्त असलं तर पिल्लू डोकं अडकवून घेतं. जस्ताचा मुलामा दिलेली जीआय जाळी वापरू नका, चोचीने खरवडून पोटात गेलेलं जस्त विषारी ठरतं. बसायला सोबत येणारी गुळगुळीत काठी काढून पेरूच्या, फवारणी न झालेल्या फांद्या लावा, २.५ ते ४ सेंमी जाडीच्या आणि मुद्दाम कमी-जास्त. एकसारख्या काठीवर तळव्याच्या त्याच जागी भार पडून फोड येतात. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असू द्या आणि उंची आपल्या छातीएवढी. हॉलमध्ये टीव्ही रात्री अकरापर्यंत चालत असेल तर झोपायला दुसऱ्या खोलीत लहान पिंजरा ठेवा, दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवीच. छताच्या पंख्याचं बटण चिकटपट्टीने बंद करून टाका.

पक्ष्यांचा डॉक्टर आधीच शोधा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पोपट बघत नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांत तपासणी करा. घरात दुसरे पक्षी असतील तर क्लॅमिडिया हा जिवाणू आणि चोच-पिसं खराब करणारा विषाणू यांची चाचणी करून पिल्लाला ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. भांडीही वेगळी.

पिल्लू सकाळी आणा, म्हणजे अंधार पडण्याआधी फांद्या आणि भांडी ओळखायला पूर्ण दिवस मिळतो. प्रवासात पाण्याचं भांडं सांडतं, त्याऐवजी काकडीचा तुकडा द्या. घाबरलेलं पिल्लू सगळ्यात वरच्या फांदीवर चढून बसतं आणि भूक लागली तरी खाली उतरत नाही, म्हणून पहिले काही दिवस दाणापाणी त्या फांदीशेजारीच लावा. खाणं जुन्या घरचंच. नवा आहार दुसऱ्या आठवड्यापासून हळूहळू सुरू करा. नव्या घरात काही पिल्लं पुन्हा भरवण्यासाठी मान हलवत गळा काढतात. हट्ट समजून दुर्लक्ष करू नका, उकडलेल्या रताळ्याचा कोमट लगदा चमच्याने द्या, चार-आठ दिवसांत ते आपोआप थांबतं.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि रोज सकाळी, पहिली शी झाल्यावर आणि खाण्याआधी वजन लिहून ठेवा. पोपट आजार लपवतो, काट्याला मात्र तो लपवता येत नाही. ४०० ग्रॅमच्या पिल्लाचं वजन ४० ग्रॅमने उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिंजऱ्याच्या तळाला साधा कागद घाला म्हणजे शी नीट दिसते: हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी. पहिल्या दिवशी प्रवासाने ती पातळ असते. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला तर थांबू नका. (डाळिंब किंवा बीट खाल्लं की लाल दिसते, घाबरू नका.)

ॲमेझॉन खादाड असतो आणि लठ्ठ होतो. त्यातून यकृतावर चरबी चढते. सूर्यफुलाच्या बियांनी भरलेली वाटी हे बहुतेक दुखण्यांचं मूळ. त्यात चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व जवळपास नाही. बिया फक्त हातातून, बक्षीस म्हणून. रोजच्या वाटीत पेलेट्स (पोपटांसाठीचं तयार गोळीखाद्य), मोड आलेले मूग-मटकी, लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला, ढोबळी मिरची आणि थोडं फळ. राजमा कच्चा कधीच नको. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, मीठ बंद. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओलं खाणं दोन तासांत उचला.

पहिले तीन दिवस वजन, तपासणी आणि दाणापाणी सोडून हात आत घालू नका. पिंजऱ्याशेजारी बसा, हळू बोला, एक बी द्या आणि उठा. मग पाच-पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, काडीच्या टोकाला चोच लावायला शिकवा आणि तिथून हातावर घ्या. डोळ्यातली बाहुली भराभर लहान-मोठी होऊ लागली, शेपूट पंख्यासारखी उघडली, मानेमागची पिसं उभी राहिली, की हात तिथेच थांबवा. तो चिडलेलाच असेल असं नाही, पण त्या क्षणी चावतो. कुरवाळायचं ते फक्त डोकं. पाठ आणि पंखांखाली हात फिरवलात तर वयात आल्यावर तो तुम्हाला जोडीदार समजतो आणि बाकीच्यांवर धावून जातो.

उजाडताना आणि संध्याकाळी तो ओरडणार, रानात थवाही ओरडतो. तेवढी दहा मिनिटं शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. एरवी ओरडला म्हणून धावत जाऊ नका, शांत असताना जा. हा पक्षी चाळीस वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो, म्हणून सुट्टी काढून दिवसभर खांद्यावर मिरवण्यापेक्षा तुमचं नेहमीचं वेळापत्रक पहिल्या आठवड्यापासूनच लावा. ऑफिसला जाता तेवढा वेळ त्याला एकटं राहायची सवय आधी अर्धा तास, मग एक, मग तीन अशी लावा, आणि निघताना करवंटीत किंवा कोऱ्या कागदाच्या पुडीत दाणे दडवून ठेवा.