बोअरचं पाणी, घरचा आरओ अन् माशांची टाकी: मशीन घ्यायच्या आधी काय काय ठरवायचं

आरओ मशीन घ्यायला दुकानात जायच्या आधी एक टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलाय ते मोजणारा) घ्या, स्वस्तात मिळतो, आणि घरात जिथून जिथून पाणी येतं ते सगळं मोजून कागदावर लिहून काढा. आपल्या मराठवाड्यात एकाच घरात तीन प्रकारचं पाणी असतं, आठ-आठ दिवसांनी येणारं नळाचं, बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं, आणि हौदात हे सगळं एकत्र झालं की मशीनला रोज वेगळंच पाणी मिळतं. जायकवाडी नाहीतर मांजरा धरणाचं पाणी बोअरच्या मानानं गोड असतं, पण बोअर काळ्या खडकातला, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियमचा क्षार भरपूर, डाळ शिजत नाही, गिझरची कॉइल पांढरी पडते. आणि पावसाळ्यात जो बोअर ६०० दाखवतो तोच मे महिन्यात पाणी खाली गेलं की बऱ्याचदा चांगलाच चढलेला असतो. म्हणून मशीन नेहमी मे महिन्याच्या पाण्यावर ठरवायची, सप्टेंबरच्या आकड्यावर नाही.

मीटर फक्त किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते सांगत नाही. फ्लोराइड, नायट्रेट, जंतू यातलं काही त्यावर कळत नाही. किनवटकडच्या भागात फ्लोराइडचा त्रास जुना आहे, आणि शेताजवळच्या बोअरला खताचं नायट्रेट उतरतं, तेव्हा बोअरचं पाणी पिणार असाल तर एकदा बाटलीभर पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत देऊन रिपोर्ट घ्याच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची हद्द ५०० आहे, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, फ्लोराइड १ आणि नाइलाजानं दीड, पण नायट्रेटला ४५ च्या वर सूटच नाही. हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. तुमचं पाणी ५०० च्या आत असेल आणि रिपोर्ट चांगला असेल तर पिण्यासाठी आरओ घेऊच नका, जंतूंसाठी साधा यूव्ही नाहीतर यूएफ फिल्टर पुरतो, उगाच पाणी वाया जातं.

आता मासे. इथं लोक घाई करतात. गप्पी, मॉली, प्लॅटी, आफ्रिकन सिक्लिड यांना जड, म्हणजे क्षाराचं पाणीच मानवतं, गोल्डफिशही बऱ्यापैकी जड पाण्यात छान राहतो, म्हणजे आपला बोअर फार खारट नसेल तर या माशांना आरओची गरजच नाही. आरओ लागतो तो डिस्कस, निऑन-कार्डिनल टेट्रा, क्रिस्टल झिंगे असलं मऊ पाण्यातलं काही पाळायचं असेल तर. माझं स्पष्ट मत आहे की जिथं घागरीसाठी रांग लागते तिथं आधी आपल्या पाण्यात जगणारा मासा निवडावा, आणि मग मन ऐकतच नसेल तर आरओचा हिशोब करावा.

हिशोब असा करा. पाच माणसांचं घर, पिणं आणि स्वयंपाक धरून दिवसाला साधारण २० लिटर. टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच असेल तर पाणी बसतं सुमारे १३० लिटर, वाळू-दगड वजा जाता ११० धरा. आठवड्याला पाव पाणी बदललं तर २८-३० लिटर, वर उन्हाळ्यात कोरड्या हवेनं आणि पंख्यानं जे उडून जातं ते वेगळं. उडतं ते फक्त पाणी, क्षार टाकीतच राहतो, म्हणून पातळी भरायला नेहमी निव्वळ आरओचं पाणी टाकायचं, बोअरचं टाकत राहिलात तर टाकीतला टीडीएस गुपचूप चढत जातो. सगळं मिळून दिवसाला २५ ते ३० लिटर होतं. बाजारात घरगुती मेंब्रेन, म्हणजे आरओमधला क्षार अडवणारा पडदा, ७५-८० जीपीडीची (दिवसाला इतके गॅलन) मिळते, ७५ जीपीडी म्हणजे दिवसाला २८४ लिटर, तासाला १२, पण तो आकडा २५ अंश तापमानाचा आणि चांगल्या प्रेशरचा, खाऱ्या पाण्यावर आठ-दहाच धरा आणि थंडीत त्याहून कमी. तरी तीन-चार तासांत काम होतं, तीन-चार फुटी टाकीला घरचीच मशीन पुरते, वेगळं काही घ्यायची गरज नाही.

वाया जाणारं पाणी मात्र आधीच डोळ्यासमोर ठेवा. एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन ते तीन लिटर नाल्याला जातं. रोज २७ लिटर घेतलं तर ८० लिटरपर्यंत रिजेक्ट, महिन्याला २४०० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरच्या टँकरचा जवळपास अर्धा टँकर! त्यामुळं रिजेक्टची पाइप मोरीत सोडायची नाही, तिच्याखाली ड्रम ठेवायचा आणि ते पाणी फरशी, संडास, गाडी धुवायला वापरायचं. कुंड्यांना नको, क्षार मातीत साचतो. काही जण पाणी वाचवायला फ्लो रेस्ट्रिक्टर (रिजेक्ट किती जाऊ द्यायचं ते ठरवणारा भाग) जास्त आवळतात, असं करू नका, आपल्याकडच्या जड पाण्यात क्षार मेंब्रेनवरच बसतो आणि ती वेळेआधी जाते.

मशीनमधला क्रम असा असतो: आधी सेडिमेंट (गाळ अडवणारी कँडल), मग कार्बन, मग अँटीस्केलंट (मेंब्रेनवर क्षार बसू न देणारं), मग बूस्टर पंप, मग मेंब्रेन, पुढं पोस्ट कार्बन, यूव्ही वगैरे. कार्बनवर कंजूषी नको, टँकरच्या नाहीतर नळाच्या पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन मेंब्रेन खातं आणि माशांनाही मारतं. पंप लागतोच, कारण गच्चीवरची टाकी दहा फूट उंच असली तरी प्रेशर मिळतं जेमतेम ४ पीएसआय आणि मेंब्रेनला ५०-६० तरी हवं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मेच्या दुपारी हाताला चटका देतं, मेंब्रेनची सहनशक्ती साधारण ४५ अंशांपर्यंत आणि गरम पाण्यात तिच्यातून क्षारही जास्त पलीकडं जातो, म्हणून उन्हाळ्यात मशीन पहाटे चालवा.

आता मुख्य गोष्ट, एकाच मशीनमधून दोन पाणी. प्यायच्या पाण्यात चवीसाठी मिनरल, अल्कलाइन, नाहीतर कॉपरची कार्ट्रिज असते, टीडीएस कंट्रोलर तर थोडं आरओ न झालेलंच पाणी परत मिसळतो. माशांना यातलं काही नको, आणि कॉपरवालं पाणी झिंग्यांना, गोगलगायींना चुकूनसुद्धा देऊ नका, तांबं त्यांना विष आहे. म्हणून माशांची लाइन मेंब्रेनच्या लगेच पुढं काढायची. मेंब्रेन हाउसिंगच्या एका टोकाला दोन नळ्या दिसतील, मधोमध जी आहे ती शुद्ध पाण्याची, कडेची रिजेक्टची. मधल्या नळीवर पाव इंची टी बसवा, टीची एक बाजू नेहमीप्रमाणं टीडीएस कंट्रोलरकडं आणि दुसरी माशांच्या पाण्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या ड्रमकडं. कंट्रोलरकडं जाणाऱ्या बाजूला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) टाकायला मेकॅनिकला आवर्जून सांगा, बाण कंट्रोलरच्या दिशेनं, नाहीतर कंट्रोलरमधलं कच्चं पाणी उलटं फिरून ड्रममध्ये उतरतं आणि तुम्ही मीटर बघून चक्रावता. ड्रम फूड ग्रेड, ५० लिटरचा, झाकणवाला, वर छोटा बॉल कॉक. ड्रम भरला की कॉक बंद होतो, पाणी आपोआप मशीनच्या टाकीकडं वळतं, तीही भरली की फ्लोट स्विच पंप बंद करतो. उलट मशीनची टाकी आधी भरली तर पंप थांबतो आणि ड्रम अर्धाच राहतो, तेव्हा नळानं दोन-तीन तांबे पाणी काढून माठात भरलं की पंप परत सुरू होतो.

रिपोर्टमध्ये फ्लोराइड किंवा नायट्रेट निघालं असेल तर टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद ठेवा, कारण कच्च्या पाण्याबरोबर तेच परत ग्लासात येतं. अशा घरी चवीसाठी मिनरल कार्ट्रिज बरी.

उडालेली पातळी भरणं सोडलं तर टाकी भरताना किंवा पाणी बदलताना निव्वळ आरओचं पाणी वापरायचं नाही, त्यात केएच म्हणजे पीएच सांभाळणारा क्षारच नसतो, एखाद्या दिवशी पीएच धाडकन खाली येतो आणि सकाळी मासे उलटे. थोडं बोअरचं पाणी मिसळायचं, आपल्या बोअरमध्ये केएच पुरेसा असतो. समजा बोअरचा टीडीएस ८०० आणि आरओचा ३० आहे, पाणी २०० चं हवंय. २०० वजा ३० म्हणजे १७०, ८०० वजा ३० म्हणजे ७७०, १७० भागिले ७७० म्हणजे ०.२२. शंभर लिटरमध्ये २२ लिटर बोअर, ७८ लिटर आरओ. नळाचं पाणी मिसळणार असाल तर आधी अँटीक्लोरीन टाका. समुद्री टाकीवाल्यांचं वेगळं, त्यांना शून्य टीडीएस लागतो, आरओच्या पुढं डीआय रेझिन (उरलासुरला क्षार काढणारं) लावून मग त्यात मरीन सॉल्ट. आणि मासे आत्ता ९०० च्या पाण्यात असतील तर एका दिवसात २०० वर आणू नका, दर वेळी १०-१५ टक्के बदलत काही आठवडे जाऊ द्या.

शेवटचं देखभालीचं. मशीनवर कागद चिकटवून दर महिन्याला आत येणाऱ्या आणि मेंब्रेनमधून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस लिहा. मोजताना पहिली पाच मिनिटं सोडून द्या, बंद मशीनचं सुरुवातीचं पाणी नेहमी जास्त दाखवतं, ते ड्रममध्येही घेऊ नका. आत १००० आणि बाहेर ५०-६० असेल तर मेंब्रेन ठणठणीत, बाहेर दीडशेच्या वर जायला लागलं की बदलायची वेळ आली, दुकानदार काहीही म्हणो. हे माप माशांच्या लाइनवरच घ्यायचं, पिण्याच्या नळावर नाही, तिथं कंट्रोलरची मिसळ असते. सेडिमेंटची कँडल मात्र तारखेवर सोडू नका, टँकर सुरू झाले की गाळानं ती लवकर लाल पडते, तशी दिसली की लगेच बदला. आणि नवी मेंब्रेन बसवली की मशीनची पहिली पूर्ण टाकी फरशीला वापरून टाका, ते पाणी घरच्यांनाही नको आणि माशांनाही नको.