वीज गेल्यावर बिलं गायब: एसक्यूलाइट असा सावरला
दुकानाच्या बिलिंग पीसीचा यूपीएस दगा देऊन गेला आणि बिल सेव्ह होतानाच मशीन बंद पडलं. नंतर सॉफ्टवेअर उघडत होतं, पण ग्राहकाच्या नावाने शोधलं की काही बिलं गायब. तारखेने शोधलं की हजर!

डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे सगळ्या नोंदी एका मुख्य फाइलमध्ये ठेवणारा. सॉफ्टवेअर बंद करून आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढली, शेजारच्या डब्ल्यूएएल फाइलसकट (राइट-अहेड लॉग: नवे व्यवहार आधी हिच्यात लिहिले जातात). कचरा समजून लोक ती उडवतात. मुख्य फाइलमध्ये न उतरलेले व्यवहार तिच्यातच असू शकतात.

मग कॉपीवर 'प्रॅग्मा इंटिग्रिटी_चेक' ही डेटाबेस शाबूत आहे का ते तपासणारी कमांड चालवली. सगळं ठीक असेल तर नुसतं 'ओके' येतं. इथे अमुक ओळ इंडेक्समध्ये (नोंदी पटकन शोधायच्या सूचीत) नाही, अशा तक्रारींची रांगच लागली. म्हणजे नोंदी शाबूत, बिघाड इंडेक्सचा. ('क्विक_चेक' लवकर उरकतं खरं, पण इंडेक्स टेबलाशी, म्हणजे मूळ नोंदींशी, जुळतो का हे ते पाहतच नाही.) 'रीइंडेक्स' देऊन इंडेक्स नव्याने बांधला, पुन्हा तपासलं: ओके. फॉरेन की (एका टेबलातल्या नोंदींचे दुसऱ्या टेबलाशी असलेले दुवे) या तपासणीत येत नाहीत, म्हणून 'फॉरेन_की_चेक' वेगळं चालवलं.

दुरुस्त फाइल मूळ जागी ठेवताना तिथली जुनी डब्ल्यूएएल बाजूला काढली, नाहीतर नव्या फाइलचाही विचका व्हायचा. टेबलच बिघडलं असतं, तर 'रिकव्हर' कमांडने मिळेल तेवढा डेटा नव्या फाइलमध्ये उपसावा लागला असता.