बसमध्ये दुसऱ्या कुणाचा अपमान होत असेल तर काय करायचं

पीएमटी म्हणा की पीएमपीएमएल म्हणा (२००७ ला पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक झाली, तरी लोकांच्या तोंडात अजून पीएमटीच आहे), बसमध्ये बोलणी खावी लागतात ती ज्याला उलट बोलता येत नाही त्यालाच. मार्केट यार्डातून बोचकं घेऊन चढलेली मावशी, सुट्टे नसलेले आजोबा, तृतीयपंथी प्रवासी. आणि बाकीचे खिडकीबाहेर बघत बसतात. मला हे बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, डायरेक्ट भांडायला जाऊ नका. आधी त्या माणसाशेजारी जाऊन उभे राहा आणि त्यालाच विचारा, "काका, मी काही बोलू का?" नको म्हणाले तर नको, अपमान त्यांचा झालाय, कसं वागायचं ते तेच ठरवणार. हो म्हणाले तर आवाज न चढवता बोला, "मास्तर, जरा नीट बोला ना त्यांच्याशी." कंडक्टर पण दिवसभर गर्दीत उभा असतो, त्यालाही चारचौघात झापलं की वाद वाढतो आणि भोगतो तो आजोबाच.

सुट्ट्यांवरून वाजलं असेल तर सोपं आहे, तुम्ही यूपीआयनं त्यांचं तिकीट काढा आणि त्यांच्याकडून रोख घ्या. घ्याच! फुकट काढून दिलंत तर सगळ्या बससमोर ते परत लहान होतात.

अंध प्रवाशाला चढवताना हात धरून ओढू नका, काठी तर अजिबात धरू नका. "कात्रज-कोथरूड आलीये, दार डाव्या हाताला आहे" असं स्पष्ट सांगा, स्वतःचं कोपर पुढं करा, ते धरतील आणि अर्धं पाऊल मागून येतील, मग त्यांचा हात दाराच्या दांड्यावर टेकवा, पुढचं त्यांचं ते करतात. गुडघे दुखणाऱ्या आजींची फक्त पिशवी घ्या, मागून ढकलू नका. राखीव सीटवर कुणी बसलं असेल तर "दादा, इथं यांना बसू द्या" एवढंच पुरतं, त्यांना सर्टिफिकेट काढून दाखवायला लावू नका.

प्रकरण हाताबाहेर गेलं तर कायदा बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघात मुद्दाम अपमान करणं हा २०१६ च्या कायद्यात गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. तृतीयपंथींशी सार्वजनिक सेवांमध्ये भेदभाव करायला २०१९ च्या कायद्यानं बंदी आहे. बाईला कुणी त्रास देत असेल तर ११२ लावा आणि साक्षीदार म्हणून तुमचा नंबर तिला द्या, नाहीतर उतरल्यावर ती एकटी पडते.

तक्रार करायची असेल तर तिकिटाचा फोटो तिथंच काढा, त्या कागदावरची अक्षरं पुढं पुसट होत जातात. सोबत गाडीची एमएच १२ किंवा १४ ची पाटी, रूट, वेळ, स्टॉप. काय शब्द वापरले ते जसेच्या तसे लिहा, "उद्धट वागणूक" एवढंच लिहून काही होत नाही. लेखी द्या आणि पोच घ्या. बरेच दिवस काहीच कळलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि प्रश्न एकच विचारा, माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर काय कारवाई झाली. उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आणि एखादा कंडक्टर आजींना बसवून मगच डबल बेल देत असेल तर त्याच पद्धतीनं, तिकिटाच्या फोटोसकट, त्याचंही लेखी कळवा.