मावशींचं काम

पुण्यात बीडीएस, म्हणजे डेंटिस्टची पदवी, करताना अवजारं धुणं, ऑटोक्लेव्ह (वाफेने अवजारं निर्जंतुक करायचं यंत्र) लावणं हे सगळं मावशी बघायच्या. आम्ही हात पुढे केला की मिरर-प्रोब हातात. लग्नानंतर ब्रिटनमध्ये लेस्टरला आले, ओआरई ही परदेशी डेंटिस्टांना इथे नोंदणीसाठी लागणारी परीक्षा द्यायची होती, तोवर हाताशी चार पैसे हवेत म्हणून ट्रेनी डेंटल नर्सची नोकरी धरली. यात शिकण्यासारखं काय असणार, असंच मनात होतं.

आधी कागदपत्रांचं सांगते. ब्रिटनमध्ये २००८ पासून डेंटल नर्सला जनरल डेंटल कौन्सिलची नोंदणी सक्तीची आहे. शिकाऊ म्हणून काम करता येतं, पण मान्य कोर्सला नाव घातलेलं हवं आणि वर देखरेख हवी. बीडीएसच्या पदवीवर नर्सची नोंदणी मिळेल या भरवशावर येऊ नका, ती वाट २०२३ मध्ये बंद झाली. हिपॅटायटिस बीच्या डोसांचा कागद आणि नंतरचा अँटीबॉडी रिपोर्ट मात्र तिकडूनच आणा. नुसतं ‘लस घेतली होती’ इथे कुणी ऐकून घेत नाही.

माझी पहिली फजिती झाली धुण्याच्या खोलीत. खरकटं गरम पाण्याने निघतं हे घरी शिकलेलं, म्हणून सिंकमध्ये वाफाळतं पाणी सोडलं. हेड नर्सने काही न बोलता त्यात थर्मामीटर बुडवला आणि बोळा काढून सगळं पाणी सोडून दिलं. हाताने धुताना पाणी ४५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. रक्त आणि लाळेतली प्रथिनं उष्णतेने थिजतात आणि स्टीलला धरून बसतात, तव्याला अंडं धरतं तशी. मग तिने मी धुतलेला स्केलर (दातांवरचं कीटण खरवडायचं अवजार) दिव्याच्या भिंगाखाली धरला. पात्याच्या बाकात तपकिरी ठिपका! १३४ अंशांवर तीन मिनिटं वाफ दिली तरी असल्या ठिपक्याखाली ती पोचेलच असं नाही. चार वर्षं मी मावशींच्या हातची अवजारं न बघता वापरली होती.

सुईचा धडा तिसऱ्या आठवड्यात मिळाला. डॉक्टरांनी ट्रेमध्ये टाकलेलं आपण आवरायचं, ही आपल्याकडची सवय. गॉझखाली उघडी सुई होती, बोटात गेली. नियम साधा आहे: ज्याने सुई वापरली त्यानेच ती शार्प्सच्या, म्हणजे सुया-पात्यांच्या, डब्यात टाकायची. वाहत्या पाण्याखाली रक्त वाहू दिलं, साबणाने धुतलं (बोट चोखायचं नाही, घासायचंही नाही) आणि लगेच सांगितलं. लाजून दोन दिवस गप्प बसलात तर संसर्ग टाळणारं औषध सुरू करण्याची वेळ निघून जाऊ शकते. तेव्हापासून सुई निघाल्याशिवाय मी ट्रेला हात लावत नाही.

बाकी सकाळी दोन मिनिटं आणि प्रत्येक पेशंटनंतर वीस-तीस सेकंद हँडपीसमधून (दात कोरायच्या ड्रिलमधून) पाणी सोडणं वगैरे आठवड्याभरात अंगवळणी पडतं.

अंगवळणी पडायला वेळ लागला तो तोंड उघडण्याला. इथे डॉक्टरांना नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून महिनाभर ‘सर’च निघायचं. दातांची भाषाही वेगळी. वरचा उजवीकडचा पहिला प्रीमोलर, म्हणजे दाढांच्या पुढचा छोटा दात, आपण ‘फोर्टीन’ म्हणतो तो इथे ‘अपर राइट फोर’, म्हणजे सुरुवातीला डोक्यात सारखं भाषांतर. एकदा तारा लावण्यापूर्वी दात काढायला एक मुलगी आली होती. तिला पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या पत्रात ‘अपर लेफ्ट फोर’ होतं आणि आमचे डॉक्टर सिरिंज घेऊन उजवीकडे वाकले. वरच्या दाढांचे चिमटे डाव्या-उजव्या बाजूंचे वेगळे असतात, चुकीचा हातात आला तर निदान शंका तरी येते. प्रीमोलरचा चिमटा दोन्हीकडे एकच. म्हणजे चूक पकडायला पत्राशिवाय काहीच नव्हतं.

घसा कोरडा पडला होता. “एक मिनिट, पत्र पुन्हा बघू या का?” एवढंच म्हणाले.

ते स्क्रीनकडे वळले. सिरिंज खाली ठेवली, दिवा डावीकडे सरकवला. टळलेल्या चुकीचीही नोंद करावी लागते. दुपारी ती त्यांनीच लिहिली आणि खाली सही करायला मला बोलावलं.