इटालियन जेवण एक नंबर पण सर्व्हिस बोगस, अशा वेळी काय करायचं

मागे आम्ही चौघं एका भारीतल्या इटालियन रेस्टॉरंटमधे गेलो होतो, रिसोत्तो, म्हणजे इटालियन मऊ भात, असला जमलेला की दोन मिनिटं कोणी बोललंच नाही, पण पाणी तीनदा मागावं लागलं आणि माझा मासा आला तेव्हा बाकी तिघं प्लेटा पुसून बसलेले. तेव्हापासून काही गोष्टी पाळतोय.

आधी ऑर्डरचं बघा, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. इटालियन मेनूत अँटीपास्ती म्हणजे स्टार्टर, मग प्रीमी म्हणजे पास्ता-रिसोत्तो, मग सेकोंदी म्हणजे मासे-मटण, आणि हे एकामागून एक यायचं असतं. आमच्यात तिघांनी प्रीमी घेतलं, मी एकट्याने सेकोंदी, त्यामुळे माझं मागे पडलं. वेटरने विचारायला हवं होतं हे खरंच, पण "सगळ्यांचं एकदम आणा" एवढं आपणही सांगू शकतो ना.

उशीर झाला की लगेच चिडू नका, काय मागवलंय ते आठवा. रिसोत्तो नीट केला तर 18-20 मिनिटं जातातच, गरम स्टॉक, म्हणजे भाज्या-हाडं उकळून काढलेलं पाणी, थोडा थोडा घालत ढवळत राहावं लागतं. ताजा पास्ता मात्र दोन-तीन मिनिटांत शिजतो, त्यासाठी पाऊण तास बसवलं तर विचारा बिनधास्त.

प्लेट आली की फोटो काढायच्या आधी ती जरा हलवून बघा. चांगला रिसोत्तो लाटेसारखा सरकतो, इटालियनमधे त्याला आल्ल'ओंदा म्हणतात, ओंदा म्हणजे लाट. तो ढिगासारखा जागेवर बसलेला असेल, वर साय धरल्यासारखी दिसत असेल आणि प्लेटची कड चटका देतेय पण मधला भात कोमट, तर समजायचं की किचनने वेळेत काढलाय, नंतर जेवण गरम ठेवायच्या दिव्याखाली पडून राहिलाय कारण उचलायला कोणी आलंच नाही. कार्बोनारा पास्त्याचे तर याहून हाल. त्यात क्रीम नसतंच मुळात, अंडं आणि पेकोरिनो चीज पास्त्याच्या गरम पाण्यात एकजीव झालेलं असतं, थोडा वेळ पडला की चिकट गोळा. असं काही आलं तर परत पाठवायला लाजायचं नाही, पण पहिल्या दोन घासांतच सांगा, अर्धी प्लेट संपवून मग तक्रार केली तर कोण ऐकणार.

सांगायचं कसं? चुटक्या वाजवायच्या नाहीत, तो माणूस बहुतेक एकटाच आठ टेबलं सांभाळत असतो. मॅनेजरला हळूच बोलवा आणि नेमकं सांगा, "ऑर्डर देऊन 40 मिनिटं झाली, तिघांचं आलंय, एक मासा राहिलाय". नुसतं "सर्व्हिस खराब आहे" म्हटलं की फक्त सॉरी मिळतं. आणि हे जेवण चालू असतानाच बोला, बिल भरल्यावर बोलून मासा गरम होत नाही. चव आवडली असेल तर तेही त्याच वाक्यात घाला, म्हणजे बोलणी उगाच शेफला बसत नाहीत.

खुद्द इटलीत असाल तर एक गोष्ट सर्व्हिसच्या खात्यात धरू नका, तिथे मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, आणणं म्हणजे उठा म्हटल्यासारखं होतं. "इल कोंतो" म्हणायचं. बिलात कोपेर्तो दिसला तर तो माणशी लावलेला चार्ज असतो, टिप नव्हे. बाकी कुठेही टिप ठेवायच्या आधी सर्व्हिस चार्ज लागलाय का ते बघून घ्या, नाहीतर डबल जातात पैसे.

आणि घाई असेल तर कॉफी सांगतानाच बिलही सांगून टाका. आम्ही नाही सांगितलं, तिरामिसूची (कॉफीच्या चवीचं गोड) रिकामी वाटी समोर ठेवून 25 मिनिटं बसलो.