दमा असेल तर एअर प्युरिफायर कसा निवडावा

एअर प्युरिफायरच्या खोक्यावर हवा गाळण्याचा जो आकडा छापलेला असतो, तो यंत्र सर्वांत वरच्या वेगावर फिरत असतानाचा असतो. त्या वेगावर बरीच यंत्रे ५० डेसिबलच्या पुढे आवाज करतात, म्हणून झोपायच्या वेळी कोणीतरी वेग एकदम खाली आणते. दम्याचा खोकला आणि छातीतली घरघर मात्र रात्री आणि पहाटेच जास्त छळते. ज्या सात-आठ तासांत स्वच्छ हवेची खरी गरज, त्याच तासांत यंत्र छापील क्षमतेच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर कुथत राहते. खरेदीआधी एकच प्रश्न पक्का धरा: झोप मोडणार नाही अशा वेगावर हे यंत्र आपल्या खोलीची हवा तासाला किती वेळा गाळेल?

आधी त्रास कशाचा आहे ते ओळखा

प्युरिफायर पकडतो ते हवेत तरंगणारे कण. गादीत, गालिच्यात, पडद्यात बसलेल्या धुळीला तो हातही लावू शकत नाही. त्यामुळे तुमचा दमा कशाने चाळवतो यावर त्याचा उपयोग ठरतो.

धुराचे कण एक मायक्रॉनहून (मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात आणि तासन्‌तास हवेत राहतात. इथे प्युरिफायर चांगले काम करतो. मांजराच्या लाळेतले आणि त्वचेतले प्रथिन बारीक कणांना चिकटून बराच वेळ तरंगते, तिथेही फायदा होतो. पण मांजर त्याच खोलीत झोपत असेल तर यंत्र नेहमीच मागे पडते. परागकण मोठे असतात, १० ते १०० मायक्रॉनचे. ते लवकर खाली बसतात, म्हणून त्यांच्या हंगामात खिडकी बंद ठेवणे आणि बाहेरून आल्यावर कपडे बदलणे हे यंत्राइतकेच महत्त्वाचे.

धूळकिड्यांची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या डस्ट माइटची गोष्ट वेगळी. त्यांच्या विष्ठेचे कण जड असतात. चादर झटकली की उडतात आणि अर्ध्या तासात पुन्हा खाली बसतात. त्यांचे घर म्हणजे गादी आणि उशी, आणि रात्रभर नाक तिथेच टेकलेले असते. ॲलर्जीच्या चाचणीत धूळकिडे निघाले असतील तर पहिला खर्च गादी-उशीच्या घट्ट विणीच्या, चेन असलेल्या खोळींवर करा. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, आणि खोलीतली सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवा. झुरळांचेही तसेच: त्यांची ॲलर्जी आणणारी धूळ जड असते, त्यामुळे झुरळे घालवणे हाच इलाज. भिंतीला ओल असेल तर बुरशीचे बीजाणू गाळत बसण्यापेक्षा गळती बंद करा.

आणि इन्हेलर. प्युरिफायर आला म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध कमी करायचे नाही. दम्यावर या यंत्रांचा परिणाम झाला तर मदतीपुरता होतो. औषधाची जागा ते घेत नाहीत.

खोलीचा हिशोब

यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देते, तो आकडा म्हणजे सीएडीआर. तो घनमीटर प्रतितास किंवा घनफूट प्रतिमिनिट असा दिलेला असतो. १ घनफूट प्रतिमिनिट म्हणजे सुमारे १.७ घनमीटर प्रतितास. दुकानात हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसतात आणि लोक १७० ला १०० पेक्षा भारी समजून बसतात. दोन्ही एकच आहेत.

दम्यासाठी हवा तासाला निदान पाच वेळा गाळली जावी हे माप धरून चला. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच असेल, तर आकारमान १२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर. पाच वेळा म्हणजे १७० घनमीटर प्रतितास. 'इतक्या चौरस फुटांसाठी योग्य' हा दावा मात्र बाजूला ठेवा. काही कंपन्या तासाला एक-दोन वेळाच हवा गाळली जाईल असे धरून मोठे क्षेत्रफळ छापतात, शिवाय त्यात छताची उंची ८ फूट गृहीत असू शकते.

पाच वेळांचा आग्रह कशासाठी, ते वेळेत मोजले की कळते. धुराचा स्रोत बंद झाल्यावर तासाला पाच वेळा हवा गाळणारे यंत्र ९० टक्के धूर साधारण २८ मिनिटांत काढते. तासाला दोनच वेळा गाळणाऱ्या यंत्राला त्याच कामाला ७० मिनिटे लागतात. दम लागलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

आता रात्रीचा वेग. समजा एका यंत्राचा छापील सीएडीआर २०० घनमीटर प्रतितास आहे आणि झोपेच्या वेगावर तो ५० वर येतो. वर हिशोब केलेल्या ३४ घनमीटरच्या खोलीत ते तासाला दीड वेळाच हवा गाळेल. दुसऱ्याचा सीएडीआर ४५० आणि मधल्या, शांत वेगावर १८०. ते पाच वेळांच्या वर जाईल. म्हणून खोलीच्या गरजेच्या दुप्पट ते अडीचपट क्षमतेचे यंत्र घ्या आणि ते हळू चालवा. प्रत्येक वेगाचा सीएडीआर आणि डेसिबल माहितीपत्रकात असेल तर सोन्याहून पिवळे. नसेल तर विक्रेत्याला विचारा. शयनगृहात आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा. हलकी झोप असणाऱ्याला तोही जाणवतो, मग यंत्र बंद होते आणि मग सगळाच हिशोब शून्य.

एकाच यंत्रात सगळे घर भागवण्याचा विचार सोडा. पैसे एकाच यंत्रापुरते असतील तर ते दमा असलेल्या माणसाच्या झोपण्याच्या खोलीत ठेवा.

फिल्टर: नावावर जाऊ नका

हेपा फिल्टरची एक जुनी व्याख्या अशी: ०.३ मायक्रॉनचे कण निदान ९९.९७ टक्के पकडणारा. युरोपीय वर्गवारीत एच १३ चा फिल्टर सर्वांत निसटत्या आकाराच्या कणांपैकी निदान ९९.९५ टक्के पकडतो. 'हेपासारखा', 'हेपा-टाइप' असे लिहिले असेल तर ही हमी नाही.

०.३ मायक्रॉनच का? त्याहून मोठे कण तंतूंवर आपटून किंवा घासून अडकतात. त्याहून खूप बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे फिरतात आणि तंतूंना जाऊन चिकटतात. मधल्या आकाराचे कणच सर्वांत जास्त निसटतात, म्हणून परीक्षा त्यांच्यावर घेतात. 'आमचा फिल्टर ०.१ मायक्रॉनचेही कण पकडतो' ही जाहिरात म्हणूनच फारशी मोठी गोष्ट नाही.

फिल्टरइतकीच त्याची बैठक पाहा. दुकानात झाकण उघडून फिल्टर बाहेर काढा. त्याच्या चारही कडांना रबरी किंवा फोमची पट्टी आहे का, आत बसवल्यावर तो हलतो का, ते बोटाने दाबून पाहा. फट राहिली तर हवा सोप्या वाटेने जाते आणि एच १३ चा फिल्टर शोभेला उरतो. वापरातल्या यंत्रात याची खूण दिसते: फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, कडेलगत राखाडी पट्टा उमटतो.

वास आणि वायूंवर हेपा काही करत नाही. त्यासाठी सक्रिय कार्बन, म्हणजे वास शोषून धरणारा खास कोळसा लागतो, आणि त्यात वजनालाच महत्त्व. काळी पूड भुरभुरलेली पातळ जाळी काही आठवड्यांत भरून जाते, मग धरलेला वास उलट सोडूही लागते. रंग, अत्तर, फवारे यांनी छाती आवळत असेल तर दाणेदार कार्बन किती ग्रॅम आहे ते विचारा. शेकडो ग्रॅम किंवा किलो असे उत्तर आले तर पुढे बोला. गॅसच्या ज्योतीतून निघणाऱ्या नायट्रोजन डायऑक्साइडसाठी मात्र शेगडीवरचा, बाहेर हवा फेकणारा पंखाच लावा.

हे नको

ओझोन सोडणारे यंत्र दमा असलेल्या घरात आणूच नका. ओझोन श्वासनलिकेला चिडवतो आणि झटकाही आणू शकतो. 'ओझोन जनरेटर' असे सरळ लिहिलेले असेल तर ओळखणे सोपे. पण आयोनायझर, प्लाझ्मा आणि विजेच्या भारावर धूळ पकडणारी यंत्रेही कमी-अधिक ओझोन तयार करू शकतात. कॅलिफोर्नियात अशा यंत्रांवर दशलक्ष भागांत ०.०५० भाग ओझोनची कायदेशीर मर्यादा आहे आणि ती पाळणाऱ्या यंत्रांची यादी सगळ्यांना पाहायला खुली आहे. मॉडेल त्यात आहे का ते शोधा. आयोनायझर असलेच तर ते वेगळ्या बटणाने बंद होते का आणि वीज जाऊन आल्यावर बंदच राहते का, हे दुकानातच करून पाहा.

प्युरिफायर आणि आर्द्रता वाढवणारे यंत्र एकत्र असलेले मॉडेलही टाळा. पाण्याची टाकी रोज धुतली नाही तर तिथेच बुरशी धरते, आणि वाढलेली आर्द्रता धूळकिड्यांच्या पथ्यावर पडते.

स्वयंचलित मोडवर रात्र सोपवू नका. स्वस्त सेन्सर बारीक कण मोजतात. पराग किंवा चादरीतून उडालेली जाड धूळ त्यांना नीट दिसत नाही. हवा स्वच्छ आहे असे समजून यंत्र वेग कमी करते. रात्री वेग हाताने ठरवा आणि तसाच राहू द्या.

बसवणे आणि सांभाळणे

पहिल्या दिवशीची सर्वांत मोठी चूक अगदी साधी असते. नवा फिल्टर यंत्राच्या आतच, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला येतो. पिशवी न काढता यंत्र सुरू केले तरी पंखा फिरतो, दिवे लागतात आणि महिनोन्‌महिने हवा गाळली जात नाही. आधी झाकण उघडा, पिशवी काढा, फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवून बसवा.

यंत्र भिंतीपासून निदान एक-दीड फूट दूर ठेवा. पडद्यामागे किंवा पलंगाखाली नको. पलंगाजवळ असावे, पण झोत तोंडावर नको, कारण कोरडी गार हवाही काहींचा खोकला चाळवते. झोपायच्या तासभर आधी खिडकी दहा-पंधरा मिनिटे उघडून हवा बदला; बाहेर धूर किंवा पराग असतील तर नको. मग दार-खिडकी लावून यंत्र अर्धा तास पूर्ण वेगावर चालवा आणि त्यानंतर शांत वेगावर आणा. झाडू, झटकणे, चादर बदलणे ही कामे झोपायच्या कितीतरी आधी उरका.

बाहेरची जाळी दोन ते चार आठवड्यांनी व्हॅक्युमने किंवा कोरड्या ब्रशने साफ करा. हेपा फिल्टर धुऊ नका. पाण्याने तंतूंची रचना बिघडते आणि ओला राहिला तर बुरशी धरते. बदलण्याची वेळ सहा महिने ते वर्षभर असते. बऱ्याच यंत्रांतला लाल दिवा फक्त तास मोजतो, घाण मोजत नाही. धुळीच्या घरात फिल्टर आधीच काळवंडलेला दिसेल. तो दमा नसलेल्या माणसाने, मास्क लावून, घराबाहेर काढावा आणि लगेच पिशवीत बांधावा. म्हणूनच खरेदीआधी वर्षाच्या फिल्टरांचा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवून पाहा. विजेचा भार त्या मानाने कमी: ५० वॅटचे यंत्र चोवीस तास चालले तर १.२ युनिट.

उपयोग होतोय का, ते मोजा

यंत्रावरचा हिरवा दिवा छातीबद्दल काही सांगत नाही. पीक फ्लो मीटर घ्या, म्हणजे जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो ते मोजणारे छोटे साधन. यंत्र सुरू करण्याआधी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, इन्हेलर घेण्यापूर्वी, तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहा. रात्री किती वेळा जाग आली आणि आराम देणारा इन्हेलर किती वेळा लागला, तेही शेजारी नोंदवा. यंत्र सुरू केल्यावर चार आठवडे तसेच करा, आणि या काळात गादीची खोळ किंवा औषध असे दुसरे काही नवे सुरू करू नका. अर्थात डॉक्टरांनी औषध बदलायला सांगितले तर ते थांबवायचे नाही. वही डॉक्टरांना दाखवा. सकाळचे आकडे जागचे हलले नसतील तर फिल्टरची पिशवी, रात्रीचा वेग आणि बंद दार आधी तपासा. ते सगळे ठीक असेल तर गादी उलटून पाहा आणि पलंगामागच्या भिंतीवर हात फिरवून ओल लागते का ते बघा.